ग्राफिक्स कार्डच्या मेमरीसाठी थर्मल पॅड की पुटी? निवड, माप आणि बसवण्याची पद्धत

आरटीएक्स ३०८० किंवा ३०९० वापरणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं असेल. गेम सुरू आहे, कोअरचं (कार्डाच्या मुख्य चिपचं) तापमान ६८ अंश, पंखे आरामात फिरताहेत, आणि मेमरी जंक्शनचा (मेमरी चिपच्या आतल्या तापमानाचा) आकडा १०६. कूलर तोच, हवा तीच, मग मेमरीच एवढी का तापते? बहुतेक वेळा उत्तर मेमरी चिप आणि हीटसिंक यांच्यामधल्या एक-दीड मिलिमीटरच्या जागेत असतं. त्या जागेत उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी (पॅड) भरायची की कणकेसारखी पुटी, किती जाड भरायची आणि कशी भरायची, हे या लेखात सविस्तर पाहू.

पॅड घ्यायला गेलं की सगळ्यांची नजर पाकिटावरच्या वॅट प्रति मीटर-केल्विनच्या, म्हणजे उष्णता वाहकतेच्या, आकड्याकडे जाते. माझं ठाम मत असं की त्या आकड्यापेक्षा जाडी आणि मऊपणा कितीतरी जास्त महत्त्वाचे आहेत. का, ते गणितानेच दाखवतो.

गणित एकदा करून बघू

जीडीडीआर६ आणि जीडीडीआर६एक्स या प्रकारांच्या मेमरी चिपचं माप १४ मिमी गुणिले १२ मिमी, म्हणजे १६८ चौरस मिलिमीटर. एक चिप साधारण अडीच वॅट उष्णता सोडते असं धरू. मध्ये दीड मिमी जाडीचा पॅड आहे.

पॅडची वाहकता ६ असेल तर पॅडच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ३.७ अंशांचा फरक पडतो. १२ असेल तर सुमारे १.९ अंशांचा. म्हणजे दुप्पट वाहकतेचा महागडा पॅड घेऊन कागदावर वाचले दोनच अंश. आता ६ वाहकतेचाच पॅड घ्या, पण फट अर्ध्या मिमीची असू द्या. फरक १.२ अंशांवर येतो. साधा पॅड, पण पातळ थर, आणि निकाल महागड्या जाड पॅडपेक्षा चांगला.

खरा धक्का पुढे आहे. पॅड थोडा कमी जाडीचा निघाला आणि चिपवर फक्त ०.१ मिमी हवेची फट राहिली, तर हवेची वाहकता ०.०२६ असल्याने तेवढ्या फटीतच हिशेबाने पन्नासहून जास्त अंशांचा फरक पडतो. प्रत्यक्षात काही उष्णता सोल्डर आणि सर्किट बोर्डातून खाली जाते, त्यामुळे इतकं टोक गाठलं जात नाही. शिवाय चिपच्या आतला सिलिकॉनचा तुकडा वरच्या आवरणापेक्षा लहान असतो, म्हणून पॅडचे आकडेही प्रत्यक्षात थोडे वाढतात. पण प्रमाण लक्षात घ्या. पॅडचा दर्जा दोन-चार अंशांचा प्रश्न आहे, आणि न टेकलेला पॅड हा सगळ्या कार्डाचा प्रश्न आहे.

पाकिटावरच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, याला दुसरंही कारण आहे. जर्मनीतल्या इगोर्स लॅबने प्रयोगशाळेतल्या यंत्रावर अनेक पॅड, पेस्ट आणि पुटी मोजल्या, तेव्हा छापील दाव्यापेक्षा बरीच कमी वाहकता असलेली उत्पादनं वारंवार सापडली. थर्मलराइट ओडिसीवर १२.८ लिहिलेलं असतं, जेलिड एक्स्ट्रीमवर १२. दोन्ही कामाचे पॅड आहेत. पण १२ आणि १२.८ मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका.

कार्ड उघडण्याआधी

आधी खात्री करा की दुखणं मेमरीचंच आहे. एचडब्ल्यूइन्फो६४ हा तापमान दाखवणारा प्रोग्राम चालवा आणि "जीपीयू मेमरी जंक्शन टेंपरेचर" ही ओळ शोधा. एनव्हिडियाच्या जीडीडीआर६एक्स कार्डांवर ती दिसते. ३०६० किंवा ३०७० सारख्या साध्या जीडीडीआर६ कार्डांवर दिसत नाही. तिथे अंदाजानेच काम करावं लागतं, त्यामुळे अशी कार्डं ठोस कारण नसताना उघडू नका. एएमडीच्या आरएक्स ५७०० आणि त्यापुढच्या कार्डांवर मेमरीचं तापमान मिळतं.

जीडीडीआर६एक्स कार्ड ११० अंशांना पोचलं की स्वतःहून वेग खाली आणतं. १०० च्या वर रोज जात असेल तर हात घालण्याजोगं आहे. ९० च्या आसपास असेल तर काही करू नका, ते तापमान त्या मेमरीसाठी नेहमीचं आहे.

ताण देण्यासाठी ओसीसीटीची व्हीरॅम (कार्डाची मेमरी) चाचणी किंवा मेमटेस्ट व्हल्कन वापरा. फरमार्क प्रामुख्याने कोअरला तापवतं, मेमरीचं खरं चित्र त्यातून मिळत नाही. चाचणी वीस मिनिटं चालवा आणि खोलीचं तापमानही लिहून ठेवा. खोली एक अंशाने तापली की मेमरीही जवळपास एका अंशाने तापते. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा आणि डिसेंबरमध्ये २२ अंशांच्या खोलीत घेतलेला आकडा यांची थेट तुलना केलीत, तर पॅड बदलून काय मिळालं हे कधीच कळणार नाही.

मग स्क्रूड्रायव्हर न उचलता जे करता येतं ते करून बघा. धूळ झाडा, केसच्या पुढच्या पंख्यांना हवा मिळते का बघा, आफ्टरबर्नर या प्रोग्राममधून पॉवर लिमिट दहा-पंधरा टक्क्यांनी उतरवा, पंख्यांचा वेग थोडा चढवा. मेमरी क्लॉक ५०० मेगाहर्ट्झने खाली आणला तरी बऱ्याच खेळांत फरक जाणवत नाही, तापमान मात्र उतरतं. एवढ्यावर भागलं तर उत्तम.

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीच्या सेवा केंद्राला लेखी विचारा. स्क्रूवर स्टिकर असेल आणि तो फाटला, तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. कार्ड वॉरंटीत असून १०५ च्या वर जात असेल तर बदली मागणं हा पहिला मार्ग आहे.

जुनं कार्ड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने प्रूफ ऑफ स्टेक ही मायनिंग न लागणारी पद्धत स्वीकारली आणि कार्डांवरचं इथेरियम मायनिंग एका रात्रीत थांबलं. महिनोन्‌महिने चोवीस तास मेमरी तापवलेली ३०८० आणि ३०९० कार्डं त्यानंतर जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन असं कार्ड घेतलं असेल, तर त्यातले पॅड कोरडे, तेल सुटलेले आणि दबलेले असण्याची शक्यता धरूनच चाला. अशा कार्डावर पॅड बदलण्याचा फायदा सर्वांत जास्त दिसतो. बऱ्याच जणांना दहा ते वीस अंशांचा उतार मिळाला आहे.

पॅड, पुटी आणि पेस्ट

पेस्ट फक्त कोअरसाठी. कोअर आणि कूलर एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, तिथे केसाइतका पातळ थर पुरतो. मेमरीवरच्या एक मिमीच्या फटीत पेस्ट भरली तर ती तापून वाहते, कडेला जाते आणि मध्ये हवा राहते. हे करू नका.

पॅड म्हणजे ठरलेल्या जाडीची सिलिकॉनची पट्टी. ०.५, १, १.५, २, २.५, ३ मिमी अशा मापांत मिळते. स्वच्छ काम, कापायला सोपा, कार्ड पुन्हा उघडलं तरी पसारा होत नाही. पण जाडी चुकली की सगळं चुकतं, आणि ही चूक दोन्ही बाजूंनी होऊ शकते. पातळ पॅड चिपला टेकत नाही. जाड पॅड कूलरला वर उचलून धरतो, आणि मग कोअरवरचा दाब सुटतो. मेमरीचं तापमान सुधारलं पण हॉटस्पॉट (कोअरमधला सर्वांत तापलेला बिंदू) १०५ वर गेला, असं झालं की पॅड जाड किंवा कडक आहे हे ओळखावं.

म्हणून मऊपणा बघा. पॅडची कडकपणाची मोजणी शोअर ०० या मापात दिलेली असते. आकडा जितका कमी तितका पॅड मऊ. घरच्या कामासाठी मऊ पॅड घ्या, वाहकता दोन अंकांनी कमी असली तरी चालेल. मऊ पॅड पाव-अर्धा मिमी दबून जागा देतो. कडक पॅड देत नाही, तो बोर्ड वाकवतो.

पुटी घट्ट मळलेल्या कणकेसारखी असते. दाबली तिथे बसते आणि परत उसळत नाही. एकाच कार्डावर एका चिपवर १.१ मिमी फट आणि दुसरीवर १.६ मिमी असली तरी पुटीला फरक पडत नाही, ती दोन्ही भरते आणि कूलरला उलट ढकलत नाही. तैवानच्या टी-ग्लोबलची टीजी-पीपी१० ही या क्षेत्रात खूप गाजली. आज अपसायरनची यू६ प्रो आणि यूएक्स प्रो, हालनझियेची एचवाय२३६, थर्मल ग्रिझलीची पुटी असे पर्याय आहेत. घेताना वीजवाहक नाही असं स्पष्ट लिहिलेली पुटीच घ्या, कारण थोडीफार पुटी आजूबाजूच्या कपॅसिटरवर सांडणारच.

माझी निवड अशी. कार्डाच्या सगळ्या पॅडची जाडी खात्रीने माहीत असेल, तर मऊ पॅड. जाडी माहीत नसेल, जुनं कार्ड असेल, किंवा आधी कुणीतरी उघडलेलं असेल, तर पुटी. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला मी पुटीच सुचवतो. तिच्यात जाडीचा अंदाज चुकायला जागाच नाही.

पुटीलाही मर्यादा आहेत. अडीच-तीन मिमीहून मोठ्या फटीत ती टिकून राहील असं धरू नका, तिथे पॅडच हवा. आणि कार्ड उभं बसवलेलं असेल तर जास्तीची पुटी खाली सरकू शकते. २०२५ मध्ये गिगाबाइटच्या आरटीएक्स ५० मालिकेतल्या काही कार्डांवर उष्णतावाहक जेल घसरून बाहेर आल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा कंपनीने सुरुवातीच्या उत्पादनात जेल थोडं जास्त लावलं गेल्याचं सांगितलं. तात्पर्य एवढंच की फट भरेल इतकी लावा, वाटी भरून नको.

किती लागेल

एका चिपवर १४ गुणिले १२ गुणिले १.५ मिमी म्हणजे सुमारे पाव मिलिलिटर पुटी. पुटीची घनता ३ च्या आसपास असते, म्हणजे पाऊण ग्रॅम. १० जीबीच्या ३०८० वर दहा चिप असतात, म्हणजे साडेसात ग्रॅम. बाहेर दाबून निघणारी आणि व्हीआरएमला (कार्डाच्या वीजपुरवठा भागाला) लागणारी धरली तर वीस-पंचवीस ग्रॅम. ५० ग्रॅमची डबी एका कार्डाला पुरून उरते.

३०९० चा हिशेब वेगळा. त्यावर एक-एक जीबीच्या चोवीस चिप आहेत, बारा पुढे आणि बारा बोर्डाच्या मागे. मागच्या बारांना मुख्य कूलर मिळतच नाही, त्यांची उष्णता मुख्यतः बॅकप्लेटमधून (कार्डाच्या मागच्या पत्र्यातून) जाते. म्हणूनच हे कार्ड मेमरीच्या तापमानासाठी बदनाम आहे. ३०९० टीआयमध्ये दोन जीबीच्या चिप वापरून सगळ्या पुढे आणल्या गेल्या. ३०९० उघडत असाल तर पुढच्या बाजूइतकंच लक्ष बॅकप्लेटच्या पॅडकडे द्या, आणि बॅकप्लेटवर हवा जाईल अशी एखाद्या छोट्या पंख्याची सोय करा. तिथे नुसते पॅड बदलून थांबण्यापेक्षा हा पंखाही जोडला तर जास्त फरक पडतो.

उघडणं

हाताशी ठेवा: पीएच०० ते पीएच१ चे फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल, नायट्राइल हातमोजे, प्लास्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, मायक्रोफायबर कापड, इअरबड, कोअरसाठी चांगली पेस्ट आणि एक डिजिटल कॅलिपर. कॅलिपर टाळू नका.

उघडण्याआधी दहा मिनिटं गेम चालवून कार्ड कोमट करा. पेस्ट आणि पॅड सैल होतात, कूलर झटक्याने ओढावा लागत नाही. मग पीसी बंद, वायर काढलेली, केसच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवलेली.

मागून स्क्रू काढा. कोअरभोवतीचे चार स्प्रिंगवाले स्क्रू शेवटी ठेवा आणि ते समोरासमोरचे आळीपाळीने सैल करा. कोणता स्क्रू कुठला हे मोबाइलने फोटो काढून ठेवा, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर बोर्ड खराब होतो. कूलर थोडा हलवून, किंचित फिरवून वेगळा करा. पूर्ण उचलू नका. पंख्याच्या आणि लाइटच्या वायर अजून जोडलेल्या असतात. कनेक्टर प्लास्टिकला धरून काढा, वायर ओढू नका.

आता कूलर उलटा ठेवून सगळ्या पॅडचा फोटो घ्या. कोणत्या पॅडवर चिपचा ठसा खोल उमटलाय, कोणत्यावर जेमतेम उमटलाय, हे बारकाईने बघा. ठसा अस्पष्ट असेल तर तिथे संपर्क कमी होता. गुन्हेगार बहुधा इथेच सापडतो.

जाडी मोजणं

जुना पॅड मध्ये दबलेला असतो, तिथे कॅलिपर लावून काही कळत नाही. पॅडचा जो भाग चिपच्या बाहेर लोंबत होता, तो दबलेला नसतो. तिथली जाडी मूळ जाडीच्या जवळ असते. अलगद मोजा, कॅलिपरचे जबडे मऊ पॅडमध्ये रुतायला नकोत.

तरीही शंका असेल तर पुटीनेच मोजा. सगळे जुने पॅड काढून टाका, कोअरवर पेस्ट लावा, प्रत्येक चिपवर मटाराएवढी पुटीची गोळी ठेवा, कूलर ठेवून स्क्रू पूर्ण आवळा आणि पुन्हा उघडा. दबलेल्या पुटीची जाडी म्हणजे खरी फट. १.२ मिमी आली तर मऊ १.५ मिमी पॅड घ्या. १.४ आली तर १.५ मिमीच्या पॅडचं दबणं फारच कमी होतं, आणि २ मिमीचा पॅड फार जाड पडतो, त्यामुळे सरळ पुटी. पॅड फटीपेक्षा वीस-तीस टक्के जाड असावा, त्याहून जास्त नको.

व्हीआरएमचे मॉस्फेट आणि चोक या भागांवरच्या पॅडची जाडी मेमरीवरच्या पॅडपेक्षा वेगळी असते. तीही मोजा. मेमरीचेच पॅड तिथे लावू नका.

स्वच्छता आणि लावणं

जुने पॅड प्लास्टिकच्या पट्टीने सोडवा. अल्कोहोल कापडावर घ्या, बोर्डावर ओतू नका. पॅडमधून सुटलेलं सिलिकॉन तेल चिपच्या आजूबाजूला चिकट दिसतं. ते वीजवाहक नसतं, पण पुसून काढा, नाहीतर नवा पॅड नीट बसत नाही. चिपचा पृष्ठभाग आणि कूलरची समोरची जागा, दोन्ही चकचकीत झाले पाहिजेत.

पॅड लावत असाल तर प्रत्येक चिपसाठी वेगळा तुकडा कापा, चिपपेक्षा प्रत्येक बाजूने एक-दोन मिमी मोठा. दोन्ही बाजूंची फिल्म काढली का, हे प्रत्येक तुकड्याला तपासा. एक फिल्म राहिली तर ती चिप तापत राहील. पॅड ताणू नका, ताणलेला पॅड मध्ये पातळ होतो.

पुटी लावत असाल तर हातमोजे घाला, थोडी पुटी घ्या, चिपच्या मध्यभागी उंचवटा राहील अशी ठेवा. पातळ सपाट थर देऊ नका, दाबताना मध्ये हवा अडकते. उंचवटा मध्यातून बाहेर पसरतो आणि हवा ढकलून देतो. उंचवटा अंदाजे फटीच्या दीडपट उंच असावा. कोअरच्या कडेला पुटी येऊ देऊ नका, पेस्टमध्ये ती मिसळली तर कोअरवरचा थर जाड होतो.

कोअरवर नवी पेस्ट लावा, सबंध पृष्ठभाग झाकेल एवढी. वायर जोडा, कूलर सरळ खाली ठेवा, एकदा टेकला की उचलू नका. चार स्प्रिंग स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत आवळा. हाताला थांबल्यासारखं वाटलं की थांबा. पुटी घट्ट असते, ती दाबली जायला एखादं मिनिट लागतं. म्हणून शेवटची फेरी थोडं थांबून पुन्हा करा.

तपासणी

पहिल्यांदा फक्त सुरू करा आणि डेस्कटॉपवर दहा मिनिटं ठेवा. मग त्याच चाचणीत, त्याच खोलीत, तेवढाच वेळ. तीन आकडे बघा: कोअर, हॉटस्पॉट, मेमरी. आरटीएक्स ५० मालिकेत हॉटस्पॉटचा सेन्सर वापरकर्त्याला दिसत नाही. तिथे कोअरचं तापमान आधीपेक्षा वाढलं का, हाच निकष.

हॉटस्पॉट कोअरपेक्षा दहा-वीस अंशांनी वर असेल तर ठीक. फरक पंचवीस-तीसवर गेला आणि आधी नव्हता, तर पॅड जाड झाला किंवा स्क्रू असमान आवळले गेले. आधी स्क्रू पुन्हा समोरासमोरच्या क्रमाने तपासा. सुधारणा नसेल तर उघडून अर्ध्या मिमीने पातळ पॅड किंवा पुटी लावा.

मेमरी तशीच १०० च्या वर राहिली तर कुठेतरी फट आहे. सेन्सर साधारणपणे सर्वांत तापलेल्या चिपचा आकडा दाखवतो, त्यामुळे अकरा चिप नीट बसल्या आणि एक बसली नाही, तरी आकडा वाईटच दिसतो. अशा वेळी पुन्हा उघडून ठसे बघा. न दबलेला पॅड किंवा गोल राहिलेली पुटी लगेच दिसते.

पुटीचा पहिला आकडा अंतिम धरू नका. काही दिवसांच्या वापरात ती तापून-थंड होऊन अजून नीट बसते आणि तापमान दोन-तीन अंशांनी खाली येतं. आठवड्याने पुन्हा चाचणी घ्या आणि तो आकडा लिहून ठेवा. पुढच्या उन्हाळ्यात तापमान वाढलं तर खोलीचा फरक वजा करून बघा. वाढ त्यापेक्षा जास्त असेल, तरच पुन्हा स्क्रूला हात लावा. उरलेली पुटी डबी घट्ट बंद करून थंड जागी ठेवा. ती कोरडी पडून भुरभुरू लागली तर टाकून द्या, तेल घालून मळून वापरू नका.